मीटरवर एक लाख अठरा हजार

तळोदा, सोमवार

प्रिय बापू,

तू मस्कतहून पाठवलेले बोलेरोचे फोटो पाहिले. आप्पांनीही दाखवले, बोटाने मोठे करकरून. 2012 ची गाडी, सुरत पासिंग, मालक एकच, मीटर 1,18,000. भाव ऐकल्यापासून आप्पांनी अंगणातलं लाकूडफाटा ठेवायचं शेड गाडीसाठी रिकामं करायला घेतलंय. म्हणून शनिवारी मी मिस्तरीला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि नंदुरबारला एजंटकडे जाऊन गाडी बघून आलो. तो मोकळा सापडला हेच नशीब. होळीच्या आठवड्यात त्याच्या दारात काठी गावाला होळीसाठी जाणाऱ्या जीपांची रांग असते.

एजंटने हौसेने बॉनेट उघडलं. आतलं इंजिन पाण्याने धुऊन चकचकीत केलेलं. मिस्तरी तिकडे गेलाच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तो उकिडवा बसला आणि क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबर झिजून एका कडेला लोखंड उघडं पडलं होतं. स्टेअरिंग वरच्या बाजूला गुळगुळीत, सीटचा फोम दाराकडे खचलेला. मग दाराच्या खांबावर त्याला ऑइल बदलल्याचा स्टिकर दिसला, नखाने अर्धवट खरवडलेला. बॉलपेनने, गुजराती आकड्यांत लिहिलेलं: 2,41,000. मिस्तरी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘भो, मीटर तरणं झालं, पाय म्हातारेच राहिले.’

सुरतची गाडी म्हटली की तो सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटून सुरत बुडाली, तेव्हापासूनची त्याची ही सवय. पाण्यात राहिलेल्या गाडीचं सगळं धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आत चिखलाची रेघ राहून जाते. या गाडीत ती नव्हती. तेवढं एक बरं.

गाडी चालू केल्यावर त्याने ऑइलचं झाकण काढलं, तर आतून भकाभका वाफ यायला लागली. म्हणजे रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन खालून निसटतंय. ॲक्सिलेटर दिला की मागे निळा धूर. काळा असता तर डिझेल जास्त जातंय म्हणून नोजल बघितले असते. निळा म्हणजे ऑइल जळतंय. एजंट म्हणे, ‘थंड आहे, गरम झाली की बंद होईल.’ आम्ही वीस मिनिटं थांबलो. झाला नाही.

आता तू म्हणशील, तुझी स्वतःची तर 3,06,000 चालली आहे, मग आप्पांच्या गाडीला अडीच लाखांचं काय एवढं? बरोबर आहे. आकड्याला मी भीत नाही. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी 1966 ची व्होल्वो 2013 पर्यंत 30 लाख मैल चालवली, म्हणजे जवळजवळ 48 लाख किलोमीटर. पण गाडी एकाच हाताखाली होती, ऑइल वेळेवर बदललं जात होतं आणि रस्ता हायवेचा होता. त्यांच्या वाटेत चांदसैलीचा घाट नव्हता!

आपल्याकडे गाडी मरते ती घाटात आणि पाण्याने. धडगावची चढण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अर्धा क्लच दाबून, वर बारा माणसं आणि टपावर पोती. असे लाखभर किलोमीटर म्हणजे सपाटीवरचे तीन लाख समज. माझ्या गाडीची क्लच प्लेट आत्तापर्यंत तीनदा बदलली. मागचे पाटे दोनदा तुटले, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस किती गेले ते मोजलंच नाही. यातलं काहीच मोठं नाही. सामान तळोद्यात नाही मिळालं तर शहाद्याला मिळतं आणि संध्याकाळपर्यंत गाडी दारात उभी राहते. बोलेरो घ्यायची ती याचसाठी.

मोठा खर्च एकदाच झाला, तोही माझ्या कंजूसपणामुळे. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहिलो. क्षार साचून रेडिएटर तुंबला. त्यात एका जुन्या गॅरेजवाल्याने ‘गरम होणार नाही’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. आपल्याकडची ही खास रीत. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन नीट तापेना, डिझेल जास्त खाऊ लागलं आणि मे महिन्यात व्हायचं ते झालंच. घाटात काटा वर गेला, मी ‘पोचू की’ म्हणून रेटलं. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी काढली तर तिच्यावर दुधाचा चहा! हेड गॅस्केट गेलेलं, हेडला बाक आलेला. त्या दिवसापासून टाकीत कूलंटच असतं आणि काटा हलला की मी थांबतो, मागच्यांनी कितीही हॉर्न मारले तरी.

कागदांचंही ऐक. गुजरातची गाडी म्हणजे तिकडची एनओसी, इथला टॅक्स, मग एमएच-39 चा नवा नंबर. 2027 मध्ये ती पंधरा वर्षांची होणार. मग पुन्हा पासिंग, त्याची फी 2022 पासून 5,000, शिवाय पर्यावरण कर. इंजिन बांधायचा खर्च यात धरलेला नाही.

अक्कलकुव्याचे एक निवृत्त गुरुजी त्यांची बोलेरो काढतायत. मीटर 2,20,000, खोटं काही नाही. प्रत्येक बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. बुश वाजतात, सेल्फ कधीमधी रुसतो, एसी नावालाच आहे. ऑइलचं झाकण मात्र कोरडं. किंमत सुरतच्या गाडीपेक्षा चाळीस हजारांनी जास्त आहे, आणि आप्पांना तेवढंच दिसतंय.

माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आजच फोन कर. एजंट बुधवारी बयाणा घ्यायला येणार आहे.

तुझा,
भाऊ