जरा तोंड उघडा पाहूं

दांतांनीं आपल्या भाषेंत जेवढी जागा अडविली आहे तेवढी फार थोड्या अवयवांनीं अडविली असेल. रागावलेला मनुष्य दांतओठ खातो, शरण आलेला दांतीं तृण धरतो, आणि मुलांना उपदेश करतां करतां वडील माणसांच्या दांतांच्या कण्या होतात. 'दांत कोरून पोट भरत नाहीं' ही म्हण तर माझ्या भाचीनें दंतवैद्यकाकडे जाण्याचा मनोदय जाहीर केल्यापासून आमच्या चिपळुणांतल्या आप्तमंडळींत इतक्यांदा ऐकूं आली कीं, ती तिच्यासाठींच रचली असावी असें वाटावें. दुसऱ्याचे दांत कोरून पुष्कळांचीं पोटें उत्तम भरतात, हें म्हणीच्या कर्त्याच्या स्वप्नांतहि नसेल.

म्हणीपेक्षां तिला अधिक बोचला तो एक प्रश्न. एम्. बी. बी. एस्. आणि बी. डी. एस्. या दोन्हींचे प्रवेश एकाच परीक्षेच्या गुणांवर होतात. त्यामुळें 'दांतांचा डॉक्टर' म्हटलें कीं समोरचा मनुष्य सहानुभूतीनें विचारतो, "गुण थोडक्यांत हुकले वाटतें?" जणूं शरीराच्या डॉक्टरांतून उरलेल्यांनींच दांतांकडे वळावें!

गेल्या वर्षीं शिष्यवृत्तीचा एक अर्ज घेऊन ती माझ्याकडे आली. 'हा व्यवसाय आपण कां निवडला?' अशा रकान्यांत तिनें मानवजातीची सेवा, समाजाचें ऋण वगैरे शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिले होते.

"मामा, बरें दिसतें ना?"

"दिसतें बरें, पण तूं लिहिलेलें दिसत नाहीं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरें लिहिलें तर लोक हंसतील. मला आजीच्या तोंडामुळें जावेंसें वाटतें."

या आजी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. गोवळकोटच्या बाजूस त्यांचें घर, आणि घरामागें वाडींत पोफळीचीं झाडें. दुपारचें जेवण झालें कीं आजी अडकित्ता घेऊन ओटीवर बसत आणि कातरलेली सुपारी गालांत धरून ठेवीत. हा क्रम पन्नास वर्षें चालला. मग त्यांना तिखट सोसेनासें झालें. पुढें लाडू फोडून खावा लागला, त्याहि पुढें भाकरी कढींत कुस्करून. 'वय झालें' हें घरचें निदान. नातीला मात्र एवढें जाणवलें होतें कीं, आजी पूर्वींसारखी तोंड भरून हंसत नाहीं.

नात दहावींत असतांना आजींची दाढ दुखूं लागली व दोघी दंतवैद्याकडे गेल्या. तेथल्या डॉक्टरीणबाईंनीं दाढेकडे पाहण्यापूर्वीं आजींना स्वतःचीं तीन बोटें एकावर एक धरून पुढच्या दांतांमध्यें घालावयास सांगितलें. निरोगी माणसाच्या तोंडांत सामान्यतः तीन बोटें मावतात. आजींचें दीड बोट कसेंबसें गेलें. गाल आंतून पांढुरके पडले होते आणि त्यांत दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागत होते.

"आजी, सुपारी किती वर्षें?"

"लग्न झाल्यापासून. पण तंबाखू म्हणाल तर कधीं शिवलें नाहीं हो!"

त्याआधींच्या तीन वर्षांत आजींचा रक्तदाब मोजला गेला होता, रक्तांतली साखर पाहिली गेली होती, छातीचें चित्रहि निघालें होतें. 'जरा तोंड उघडा पाहूं' असें म्हणणारें पहिलें माणूस तें हेंच. "तें माणूस तीन वर्षें आधीं भेटलें असतें तर?" भाची म्हणाली. "मला तें माणूस व्हायचें आहे."

आजींचें उत्तर अडाणीपणाचें नव्हे. कोंकणांत सुपारीवर संशय घेणें म्हणजे घरच्या माणसावर घेण्यासारखें आहे. पूजेंत ती गणपति होऊन बसते. लग्न ठरलें कीं सुपारी फुटते. चिपळूणच्या पूर्वेस, कोयनेच्या वीजगृहामुळें महाराष्ट्राला माहीत झालेल्या गांवाचें नांवच पोफळी. गुटख्यावर आपल्या राज्यांत २०१२ सालीं बंदी आली. पण तबकांतल्या सुपारीला कोण अडविणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें तंबाखूवांचून नुसती सुपारीहि कर्करोगास कारण होते असा निर्णय २००४ सालीं प्रसिद्ध केला. तो आमच्या ओटीपर्यंत अद्याप पोंचलेला नाहीं.

आजींच्या या रोगाचा इतिहास चमत्कारिक आहे. आधुनिक वैद्यकांत त्याचें पहिलें वर्णन १९५२ सालीं श्वार्ट्झ या संशोधकानें केलें, तें केनयांतल्या पांच भारतीय स्त्रियांचीं तोंडें पाहून. पुढच्याच वर्षीं मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं त्यावर लेख लिहिला. अंतस्त्वचेखालीं तंतु वाढतात, गाल ताठतो आणि तोंड मिटत जातें. कांहीं रोग्यांत पुढें कर्करोग उद्भवतो. सुपारी सोडली तरी गेलेला मोकळेपणा सहसा पुरता परत येत नाहीं. म्हणून लौकर पाहणें यालाच सारें महत्त्व.

आपल्या पूर्वजांना ही दृष्टि नव्हती असें नाहीं. सुश्रुतानें मुखरोग ६५ सांगितले आहेत. त्यांतले खुद्द दांतांचे अवघे ८, हिरड्यांचे १५. बाकीचे ओठ, जीभ, टाळू, कंठ यांचे. म्हणजे दंतवैद्य हें नांवच मुळीं अपुरें. तो खरा मुखवैद्य. हा हिशेब मीं सांगितला तेव्हां भाचीला मोठा आनंद झाला. 'गुण हुकले वाटतें?' याला तिला उत्तर मिळालें होतें.

या विद्येचे आपल्याकडचे आरंभीचे दिवसहि मानाचे नव्हते. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास देशांतलें पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, तें सोडा-सरबताच्या एका दुकानाच्या उत्पन्नावर. गोड खाऊं घालून दांतांची विद्या पोसण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा. पण पैसा देणारा दुसरा कोणी नव्हता. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा व्हावयास १९४८ साल उजाडलें. आज खेडसारख्या शेजारच्या गांवीं दंतमहाविद्यालय आहे, आणि चिपळूणच्या मुलीला त्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं.

हेतु जितका लहान आणि नेमका तितका तो टिकाऊ, असें मला वाटतें. मानवजात कांहीं दवाखान्यांत येत नाहीं. दाढ दुखणारी म्हातारी येते. तरीहि अभ्यासाच्या वर्षांत, कर्जाच्या हप्त्यांत, आणि दांत मोत्यांसारखे करून मागणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गर्दींत हा हेतु कितपत तग धरील हें आज कोणी सांगावें? दाढेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे गाल आणि जीभ पाहण्यास दोन मिनिटें अधिक लागतात, आणि त्या दोन मिनिटांचे पैसे कोणी देत नाहीं. तिच्या निश्चयाची परीक्षा तेथें होईल.

रकान्यांत तिनें अखेर चार ओळी लिहिल्या. त्यांत आजी होती, दीड बोट होतें, मानवजात नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली नाहीं; प्रवेश मात्र मिळाला.

आजींनीं अडकित्ता फडताळांत ठेवून दिला आहे. जेवणानंतर बडीशेप, आणि सकाळसंध्याकाळ आरशापुढें तोंड उघडण्याचा व्यायाम. दीडाचीं दोन बोटें झालीं असें त्यांचें म्हणणें. नातीच्या मोजणीनें पावणेदोन. पुन्हां तोंड दाखविण्याच्या तारखेवर दिनदर्शिकेंत खूण करून ठेवली आहे, आणि त्या दिवशीं नात कॉलेजांतून रजा काढून सोबत जाणार आहे.