पिवळं दूध

आमच्याकडे मूल जन्मलं की घरात दोन गोष्टींची घाई उडते. कानात अजान कोण देणार आणि घुट्टी कोण चाटवणार. अजानचा प्रश्न लवकर सुटतो. घुट्टीवरून मात्र रुसवेफुगवे होतात, कारण घुट्टी देणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो अशी समजूत आहे. आमच्या खानदानात एक चाचा भयंकर तापट. घुट्टीची वेळ झाली की त्यांना काहीतरी आणायला बाजारात पाठवलं जायचं.

या धांदलीत आईचं पहिलं दूध राहून जातं. दादी म्हणायची, "पीला दूध हे वो, बच्चे कू पचता नै." दोन-तीन दिवस ते पिळून टाकायचं. तोवर मध, साखरेचं पाणी, बकरीचं दूध. हे फक्त आमच्या मोहल्ल्यातलं नव्हे. पलीकडच्या आळीत मध-तूप चाटवायचे, बाकी सगळं तेच. गंमत म्हणजे गल्लीत कुणाची म्हैस व्याली की चीक आणायला आम्हा पोरांना किटली देऊन पिटाळायचे आणि खरवसाच्या वडीसाठी घरात मारामारी व्हायची. म्हशीचा चीक ताकदीचा, आणि आईचा मोरीत!

त्या पिवळ्या दुधात काय असतं हे कळल्यापासून मला या गोष्टीचा फार राग येतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात. त्यांच्याशी, आणि खाण्यापिण्यातून येणाऱ्या रोगजंतूंशी, आईच्या शरीराची वर्षानुवर्षं ओळख झालेली असते. आतड्याजवळ तयार झालेल्या काही संरक्षक पेशी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर स्तनांकडे जातात आणि तिथे प्रतिपिंडं तयार करतात. म्हणजे आई ज्या घरात, ज्या पाण्यावर, ज्या मोहल्ल्यात जगली, तिथल्या जंतूंची माहिती दुधातून बाळाला मिळते. पहिल्या दिवसांच्या दुधात ही प्रतिपिंडं सर्वांत जास्त असतात. कुठल्याही कंपनीला हे डब्यात भरता येणार नाही, कारण तो मोहल्ला कंपनीच्या ओळखीचा नाही.

याहून चकित करणारी गोष्ट साखरेची आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्यानंतर सर्वांत जास्त असतात त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा, शंभराहून अधिक प्रकारच्या. आणि बाळाला त्या पचतच नाहीत! आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन न पचणारी वस्तू कशाला बनवेल? उत्तर असं की ते जेवण बाळाचं नाही, त्याच्या पोटातल्या जीवाणूंचं आहे. त्यातही बायफिडोबॅक्टेरियम गटातल्या काही जीवाणूंचं. ते या साखरा खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आंबट वातावरणात जुलाबासारखे आजार करणाऱ्या अनेक जंतूंना पाय रोवता येत नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे जीवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले डॉक्टर आंरी तिसिए यांना १८९९ च्या सुमाराला सापडले होते. ते जीवाणू दुधातल्या साखरेवर कसे जगतात, हे उलगडायला मात्र शंभर वर्षं लागली.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हे लिहायला बसले. गेल्या वर्षी एका खासगी दवाखान्यात तिचं सिझर झालं. सलाईन, अँटिबायोटिक, बाळ दुसऱ्या खोलीत. तिचा पान्हा फुटायच्या आत तिथे कुणीतरी बाळाला डब्याचं दूध पाजलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला की सिझरच्या मुलांना आईचे चांगले जंतू मिळत नाहीत, ती कायमची कमजोर राहतात. सासूबाईंनी तो खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचला. रात्री फोनवर भाची रडत होती. "खाला, मी त्याला काहीच दिलं नाही का?"

मेसेज अर्धा खरा होता, आणि अर्धं खरं फार लागतं. व्हेनेझुएलातल्या बाळांवरचा एक छोटा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांवर आईच्या प्रसूतिमार्गातले जीवाणू होते, सिझरच्या बाळांवर त्वचेवर असतात तसे. मग २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचा मोठा अभ्यास झाला. सिझरच्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीला आईकडून येणारे काही जीवाणू कमी आणि दवाखान्यात आढळणारे जास्त होते, हे खरं. पण पुढच्या काही महिन्यांत दोन्हींमधला फरक बराचसा कमी झाला. शिवाय आईकडून येणारे महत्त्वाचे जीवाणू प्रसूतिमार्गापेक्षा तिच्या आतड्यातले निघाले. आई बाळाला छातीशी धरते, पाजते, मुके घेते, तेव्हाही तिचे जीवाणू बाळाकडे जातच असतात. दार एकच नाही. हे मी भाचीला सांगितलं, आणि बाळाला कपड्याविना छातीवर घे, पुन्हा पुन्हा लाव, असंही. चौथ्या दिवशी दूध नीट यायला लागलं.

हा सगळा विषय बाईच्या डोक्यावर मारायला सोपा आहे, म्हणून सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांनाच. खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के सिझर. यात दादीचा दोष किती आणि दवाखान्यांचा किती? सिझर गरज असेल तेव्हा जीव वाचवतं, त्याबद्दल शंका नाही. पण बाळ तासन् तास वेगळं ठेवायचं आणि मग दूध आलं नाही म्हणून बाळंतिणीला बोल लावायचा, हा कुठला न्याय? कुरआनमध्ये सूरह बकरात दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे तो आपल्याला पाठ असतो. त्याच आयतीत आईच्या खाण्या-कपड्याचा भार बापावर टाकलाय आणि मुलावरून आईला त्रास होऊ नये असंही म्हटलंय, ते कुणी मोठ्याने वाचत नाही.

पहिल्या आठवड्याचं मोल ओडिशात दिसलं. तिथल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जीवाणू, सोबत त्याला खायला एक प्रकारची साखर. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्गाने गंभीर आजारी पडण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ही बाळं अंगावर पिणारी होती, हे विसरू नये. बाजारातली कुठलीही प्रोबायोटिक पुडी डॉक्टरांना न विचारता पाजायची, असा त्याचा अर्थ नाही.

मग तहनीक करायची की नाही, असं मला बायका विचारतात. हदीसमधली तहनीक खजुराची आहे. मदीनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेल्या पहिल्या बाळाला, अब्दुल्लाह इब्न जुबैर यांना, पैगंबरांनी (स.) चावलेला खजूर टाळूला लावला होता. मध आपण नंतर घुसवला. आणि मधच नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्याला मध बाधत नाही, कारण आपल्या आतड्यात जीवाणूंची दाट वस्ती आहे, ती त्या बीजाणूंना रुजू देत नाही. बाळाचं आतडं मोकळ्या शेतासारखं. तिथे ते रुजतात, विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, श्वासही अडतो. म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा लावू नये.

खजुराचं म्हणाल तर डॉक्टर सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. तरी ज्यांना सुन्नत सोडवत नाही त्यांनी आधी बाळाला आईच्या अंगावर लावावं आणि मग डॉक्टरांना विचारून, धुतलेल्या बोटाने, टाळूला खजुराचा नुसता ओलावा. तुकडा नाही, धागा नाही. चावणाऱ्याला खोकला नको, ओठावर फोड तर मुळीच नको. त्या फोडातला विषाणू नवजात बाळाचा जीव घेऊ शकतो, मग चावणारा कितीही बुजुर्ग असो.