तव्यावरची भाकरी

मराठी वाङ्मयात आईविषयी जेवढे लिहिले गेले आहे, त्या मानाने आईने स्वतः लिहिलेले फारच थोडे आहे. हे विधान आम्ही वर्गात अनेक वर्षे करीत आलो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत आम्हालाच परत करीत. विधान खरे आहे, पण त्याचा अर्थ आम्हाला स्वतःला कळला तो गेल्या पावसाळ्यात, घरच्या ओसरीवर, आणि तोही जिला साहित्याचा अभ्यास म्हणजे काय हे सांगता येणार नाही अशा एका बाईकडून.

आमचे गाव राहुरी तालुक्यात, मुळा नदीच्या बाजूला. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आईच्या बोलण्यात मात्र अजून 'नगर'च येते. आईचे वय आता सत्त्याहत्तरच्या आसपास असावे. नक्की जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. काचबिंदूने तिची नजर पुष्कळशी नेली. उजेड आणि अंधार कळतो, माणूस दारात उभा राहिला तर आकार कळतो, अक्षर मात्र दिसत नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली. दुपारची भांडी झाली की पोथी किंवा मिळेल ते वर्तमानपत्र ओठ हलवीत वाचायची. ते सुटल्यापासून तिची दुपार लांबली. म्हणून सुट्टीत गावी गेलो असता आम्ही तिला काहीतरी वाचून दाखवावे असे ठरले, आणि आम्ही जे पुस्तक पंचवीस वर्षे शिकवले तेच हाताशी घेतले : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

या निवडीमागे गावाचा अभिमानही होता. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाई सुमारे चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, आणि पुढे 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो आमच्या राहुरीला. टिळकांचा संसार दीर्घकाळ नगरला होता. बालकवी ठोंबरे याच घरात लेकरासारखे राहून गेले. मराठी कवितेच्या इतिहासातले एक महत्त्वाचे घर आमच्या जिल्ह्यात होते, हे आईला सांगावे असे आम्हाला वाटत होते.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे किती कडक होते, घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चालत नसे, हा पुस्तकाच्या आरंभीचा भाग आम्ही रंगून वाचत होतो. वर्गात या ठिकाणी हशा ठरलेला असतो. आम्हीही तिथे थांबतो, विनोदाची जात समजावतो, लेखिकेची अलिप्तता दाखवतो. आई हसली नाही. ती तांदूळ निवडीत होती. नजर गेल्यापासून ती बोटांनी खडा ओळखते. बोटे थांबवून तिने विचारले, "इतकं सगळं धुवायचं म्हणजे पाणी लई लागत असंल. मंग पाणी कोण आणायचं?"

आम्ही निरुत्तर झालो. पंचवीस वर्षांत हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता, एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि आम्ही चाळलेल्या समीक्षेतही आम्हाला तो कुठे भेटल्याचे आठवत नाही. धर्मांतर, व्यक्तिमत्त्वाचा विकास, आत्मचरित्राचा घाट, निवेदनातील नर्मविनोद यांवर आमच्याकडे टिपणे होती. पाण्यावर नव्हते. आईला मात्र तो प्रश्न सुचण्यासाठी विचार करावा लागला नाही. आमच्या घरी नळ आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तोवर विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर अशा तिच्या खेपा चालत. त्यात आम्ही भावंडे हात धुऊन वर आणखी एक तांब्या ओतून घेतला की तिच्या कपाळाला आठी पडे. त्या आठीला आम्ही लहानपणी रागीटपणा समजत असू.

मग हे रोजचेच झाले. आम्ही वाचावे आणि आईने मध्येच घरातले काहीतरी विचारावे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, पाहुणा आणि पोरका जीव ते सारख्याच मोकळेपणाने घरी आणीत, हे वाचले की आम्हाला कवीचे मन दिसे. आईला पीठ दिसे. "किती जणं जेवायला होती?" दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली मुले त्या घरात वाढली हे ऐकल्यावर तिने 1972 सालाची गोष्ट काढली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्यावर मिळणारी सुकडी ती पदराच्या गाठीत बांधून आणी. परदेशातून आलेला लाल मिलो दळला तरी त्याची भाकरी थापताना तुटे, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचे हे तिला शेजारणीने शिकवले. हुलग्याचे शेंगोळे आज लोक हौसेने करतात. त्या वर्षी हुलगा मिळाला तो दिवस सणाचा वाटे. या गोष्टी तिने दुःखाने सांगितल्या नाहीत. एखादा कारागीर आपल्या कामातली अडचण सांगतो, तशा सांगितल्या.

इथे थोडे विषयांतर करून एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. सातवीत असताना 'माझी आई' या विषयावर आम्ही निबंध लिहिला होता आणि त्याला तालुक्यात बक्षीस मिळाले होते. त्या निबंधातली आई पहाटे उठत होती, स्वतः उपाशी राहून लेकरांना भरवीत होती आणि कधीही रागावत नव्हती. तो निबंध आम्ही घरी मोठ्याने वाचला. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "चांगलं लिहिलंय. कुणाची आई आहे ही?" आम्हाला वाटले, ती गंमत करते आहे.

आता लक्षात येते की तो निबंध आम्ही लिहिलाच नव्हता. तो आमच्या आधी लिहिलेला होता, आम्ही फक्त नक्कल केली. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली आणि तिने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना आई कशी पाहावी हे शिकवले. त्या पुस्तकाचे थोरपण आम्ही कमी लेखीत नाही; ते वाचून आम्हीही रडलो आहोत. पण ती आई मुलाने सांगितलेली आहे, आणि तीही तिच्या मागे. मुलाच्या आठवणीत आई नेहमी मुलाकडेच तोंड करून उभी असते. त्याच्यानंतर वर्षभरातच, 1934 साली, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला, आणि 1936 पर्यंत चार भाग प्रसिद्ध झाले. इथेही मुलगा आहे. देवदत्त टिळकांचा आग्रह नसता तर हे लेखन कदाचित झालेच नसते. पण इथे मुलगा विचारतो आणि आई सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेली, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेली ही बाई आपल्या रुसण्याची, फजितीची, हट्टाची आणि नवऱ्याशी झालेल्या भांडणांची हकीगत लपवीत नाही. आपण चांगली आई होतो हे सिद्ध करण्याची तिला घाई नाही. एकाच दशकात, वर्षभराच्या अंतराने, मराठीला दोन प्रकारच्या आया मिळाल्या. शाळेच्या निबंधात मात्र एकच पोहोचली.

असो. वाचन पुढे सरकत टिळकांच्या धर्मांतराच्या आणि त्यानंतरच्या वियोगाच्या प्रकरणांपर्यंत आले. नवऱ्याने धर्म सोडला, आता ही बाई ना इकडची ना तिकडची. नातलगांच्या घरी राहायचे, त्यांचे ऐकायचे, मूल सांभाळायचे. मग एके दिवशी ती नवऱ्याकडे नगरला यायला निघते, आणि आल्यावरही आरंभी आपले सोवळे वेगळे ठेवते. या निर्णयाची मीमांसा आम्ही एका चर्चासत्रात केली होती. पतिनिष्ठा, स्वत्वाचा शोध, परंपरा आणि बंड, असे शब्द त्या निबंधात होते. आईने हा भाग फार शांतपणे ऐकला. त्या दिवशी तिने काही विचारले नाही. पुस्तक मिटले तेव्हा पाऊस लागला होता. ती म्हणाली, "मी बी गेले होते."

"कुठं?"

"घर सोडून."

सांगितले ते थोडक्यात असे. दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. कशावरून तरी घरात बोलाचाली झाली. कशावरून, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. ती भाकरी करीत होती. तव्यावर भाकरी टाकली आणि तशीच उठली. धाकट्याला काखेला मारले, राहुरीच्या स्टँडपर्यंत पायी गेली, एस.टी.ने नेवाशाकडे माहेरी पोहोचली. परत यायचे नाही असे ठरवून गेली होती. तिसऱ्या दिवशी परत आली.

आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. आम्हाला सांगण्यात आले होते की आई गावाला गेली आहे. पन्नास वर्षे आम्ही तेच धरून होतो. आता ओसरीवर बसल्या बसल्या आमच्या मनात एकच प्रश्न आला, आणि साहित्याचा प्राध्यापक म्हणून नव्हे, सात वर्षांचा मुलगा म्हणून आम्ही तो विचारला. "मग परत कशी आलीस? आमच्यासाठी?"

उत्तर काय यावे हे आम्ही मनाशी ठरवून ठेवले होते, हे कबूल केले पाहिजे. सबंध मराठी वाङ्मय आमच्या बाजूने उभे होते. आईने थोडा वेळ घेतला.

"लोक तसंच म्हणले, लेकरांसाठी आली. मी पण तेच म्हणत आले," ती म्हणाली. "पण खरं सांगू का? भावजयीच्या घरात जागा नव्हती. दोन खोल्या, तिची चार लेकरं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या ताटात वाढताना हात आखडला. तिचं तरी काय चुकलं, धान्य मोजकंच होतं. मग म्हणलं, आपल्या घरी निदान डबा कुठं आहे ते आपल्याला माहीत आहे. तुमची आठवण येत होती, नाही असं नाही. पण आठवण आली म्हणून आले असं म्हणले तर ते खोटं होईल."

आम्हाला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रात्री झोप लागली नाही. पण पहाटेपर्यंत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आई आमच्यासाठी परत आली असती, तर तिच्या पुढल्या सगळ्या आयुष्याचे ऋण आमच्या डोक्यावर राहिले असते आणि तिचा त्या तीन दिवसांवरचा हक्क आम्ही घेतला असता. तसे झाले नाही. ती गेली ती तिच्या कारणाने आणि आली तीही तिच्या कारणाने. आल्यावर तिने आम्हाला जे भरवले, धुतले, मारले आणि शिकवले, ते कोणत्या नाटकी त्यागाचे उत्तरप्रकरण नव्हते. ते तिचे रोजचे काम होते, आणि ते तिने मनापासून केले. 'स्मृतिचित्रे'तील त्या प्रवासाला आम्ही चर्चासत्रात जी मोठी नावे दिली होती, ती देताना लक्ष्मीबाई कोणाच्या घरात, कोणाच्या ताटावर, किती दिवस होत्या हे आम्ही पाहिलेच नव्हते. आश्रयाला आलेल्या बाईला डबे कुठे आहेत हे माहीत नसते, ही गोष्ट समीक्षेच्या कोणत्या प्रकारात बसते हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. पण ती वगळून पुस्तक वाचता येणार नाही, एवढे कळले.

सकाळी चहा घेताना आम्ही तिला विचारले, "हे लिहू का कुठं?"

"लिही की. आता कोण राहिलंय बोलायला?" असे म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "एक राहून गेलं. ती तव्यावरची भाकरी. वाटेत मला सारखं तेच येत होतं मनात. करपली असंल, तवा लाल झाला असंल. आल्यावर विचारायचं ध्यानातच राहिलं नाही. कुणी उतरवली?"

घरभर पसरलेला तो धूर आम्हाला लख्ख आठवला. आजी गोठ्यात होती. चुलीपाशी कोणी नव्हते. तवा खाली घेता येईना, म्हणून आम्ही उलथन्याने भाकरी ओढून काढली आणि बोट भाजून घेतले. आई कुठे आहे असे हाका मारून विचारले, तर कोणी ओ दिली नव्हती. भाकरी एका बाजूने काळी ठिक्कर झाली होती.

"आम्हीच काढली," आम्ही सांगितले.

"भाजलं का तुला?"

"थोडं."

आईने हात पुढे केला. आम्ही आमचा उजवा हात तिच्या हातात दिला. तांदळातला खडा शोधावा तशी तिने एकेक बोट चाचपून पाहिले. पन्नास वर्षांनी तिथे काय सापडणार होते? मग हात सोडून ती म्हणाली, "वाच आता पुढं. नगरला आल्यावर त्या बाईचं काय झालं?"