जास्तीची हत्यारं

जव्हारात लोखंड कुणी टाकत नाही. प्लॅस्टिकची बादली फुटली की उकिरड्यावर जाते, पण दांडा गेलेली कुदळ, दात झिजलेली करवत, तोंड फाकलेला पान्हा वळचणीला खोचलेला असतो. राहू दे, कधीतरी लागेल! आयटीआयमधली फिटर ट्रेडच्या निदेशकाची नोकरी संपल्यावर मी मागच्या पडवीत बाक टाकला, त्यावर व्हाइस बसवला, तेव्हा नवं हत्यार फारसं घ्यावं लागलं नाही. हत्यारं आपली आपण येत गेली.

काही घरातलीच होती. आजोबा सुतारकाम करायचे. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच्याही आधीची त्यांची काही हत्यारं आहेत. लाकडी रंधे, वाकस, किकरी, एक सामता आणि पात्यावर ‘शेफिल्ड’ अशी पुसट अक्षरं उरलेली रुंद पटाशी. काही मी जमवलेली. नाशिक इथून ऐंशीएक किलोमीटर, मोखाड्यावरून त्र्यंबकच्या रस्त्यानं. शहरात शिरताना सातपूरला याच रस्त्यावर हत्यारं बनवणाऱ्या टपारियाचा कारखाना लागतो, आणि नाशिकला गेलेला फिटर पकड किंवा पान्हा न घेता परतला असं सहसा होत नाही. गरज असो वा नसो.

उरलेली सगळी दुसऱ्यांची. चौकट वाकसानं तासून, रंध्यानं साफ करून दार बसवायचे दिवस मागे पडले. आता प्लायवुड, सनमायका आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. विजेचा रंधा हातात आलेला मुलगा बापाचा रंधा उचलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दिवसभर रंधा मारून खांदे कसे भरून येतात ते मी घरात पाहिलं आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, टोपल्या विणणारे असे अठरा व्यवसाय तिच्यात आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ओळखीतल्या दोघा सुतारांकडे नवी पेटी आली, तशा त्यांच्या जुन्या पेट्या माझ्या पडवीत आल्या. “सर, भंगारात घालायला जीव होत नाही. तुमच्याकडे असू द्या.” नाही कसं म्हणणार?

किती साठलं आहे याचा अंदाज खंडेनवमीला आला. एरवी कोनाड्यात, पोत्यात, बाकाखाली पडलेलं हत्यार पूजेसाठी बाहेर काढावंच लागतं. आमच्या घरात पूर्वी एका पाटावर सगळी पूजा मांडली जायची. त्या वर्षी अंगणात सतरंजी अंथरली तरी पान्हे खाली सांडत होते, आणि प्रत्येकाला एक फूल म्हटलं तर झेंडू पुरला नाही. नातू मोजत बसला होता. हातोड्यांपाशी त्यानं विचारलं, “आजोबा, तुम्हाला हात दोनच ना?”

दसऱ्यानंतर कडक ऊन पडायला लागलं तसं मी सगळं लावायला घेतलं.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर फळा असतो. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हातोडी नसली की तिच्या आकाराची रिकामी जागा ओरडून सांगते. पन्नास पोरांच्या वर्कशॉपला ती पद्धत उत्तम. घरी तिचा उपयोग कमी, कारण घरचा संग्रह स्थिर नसतो, आणि दुसरं म्हणजे तिथे हत्यारं जातीनं लावलेली असतात. हातोड्या एकीकडे, कानशी एकीकडे. दुकानातही तसंच. माझ्याकडे माणूस हातोडी मागायला येत नाही. तो म्हणतो, “नांगराचं रुमणं हलायला लागलंय.” म्हणजे त्याला वाकस हवा, पटाशी हवी, गिरमिट हवं, पाचर ठोकायला मोगरी हवी. म्हणून मी ढीग कामांचे केले. नांगराचा, पंपाच्या इंजिनाचा, पावसाआधी छपरावर चढायचा, बांबूचा, मुखवट्यांचा.

असं केलं की जास्तीचं काय ते आपोआप उघडं पडतं. आणि पुष्कळदा, जे जास्तीचं वाटत होतं ते जास्तीचं नाही हेही.

पान्ह्यांचंच घ्या. माझ्याकडे पान्ह्यांचे तीन-चार संच झाले होते आणि हिच्या मते त्यातले दोन सरळ विकायला हरकत नव्हती. पण त्यातला एक जुना संच सुती मापाचा. इथं अजूनही मिस्त्री चार सूत, सहा सूत असं बोलतात. आठ सुतांचा एक इंच. नवे पान्हे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा नंबरचा पान्हा बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन टाकतो. मग तो नट छिन्नीनंच काढायचा. ओढ्याकाठची जुनी ऑइल इंजिनं सुती नटांची आहेत. ती चालतात तोवर तो संच इंजिनाच्या ढिगातच राहणार. विकायला निघाले ते दुहेरी झालेले मिलिमीटरचे, त्यातही दहा-अकरा आणि बारा-तेरा. प्रत्येक मोटारसायकलवाल्याला तेच लागतात, म्हणून तेच सगळ्यांत जास्त साठतात.

करवतींचंही तसंच. दोन सारख्या दिसणाऱ्या करवती सारख्या नसतात. उभं चिरायच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे समोरून कापतात. आडवं कापायच्या करवतीचे दात कडेला धार असलेले, रेषा तोडत जाणारे. या दोन ठेवायच्या. पण अलीकडे मिळते ती दात कडक केलेली करवत तिकोनी कानशीला दाद देत नाही. बोथट झाली की संपली. निवडताना मी एकच कसोटी लावली: हे हत्यार पुन्हा पाजवता येतं का? येत असेल तर गंजलेलं असलं तरी आत, येत नसेल तर चकचकीत असलं तरी बाहेर.

वाकस पाच निघाले. त्यावर मी बरेच दिवस अडून होतो. मोखाड्याच्या बाजूला, सूर्यमाळच्या उतारांवर नाचणी-वरईची वरकस जमीन आहे. ट्रॅक्टर तिथं वळत नाही. बैलांचा लाकडी नांगर अजून चालतो, आणि नांगर आहे म्हणजे इसाड तुटणार, फाळ ढिला होणार. वाकसाचा गुण त्याच्या बाकात असतो. एकाचा बाक जास्त, तो खोबण करायला. एक जवळपास सपाट, तो नुसता तासायला. पाचही हातात धरून एका सागाच्या ओंडक्यावर चालवून पाहिले. दोन ठेवले. तिघांचे दांडे काढून पाती तेवढी बांधून ठेवली, कारण वाकस मागणारा आपल्या हाताच्या मापानं धामणीचा दांडा घालून घेतो. दुसऱ्याच्या दांड्यानं त्याचं काम होत नाही. धामणीचं लाकूड चिवट, घाव बसला की लवतं आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही.

ठेवायचं ठरलं ते ठेवायचं कुठं? आमच्याकडे जूनपासून चार महिने ढग घरात शिरतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर ओला होतो. त्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलेली कानस गणपतीपर्यंत लाल झालेली असते, आणि गंजलेल्या कानशीचे दात पुन्हा येत नाहीत. म्हणून भिंत सोडली. पडवीच्या लाकडी खांबांना आडव्या पट्ट्या मारल्या, भिंतीपासून हातभर पुढे, मागून वारा खेळेल अशा. पोलादी हत्यारांना आधी चिंचेच्या पाण्यात ठेवून गंज सोडवला, घासली, उन्हात कोरडी केली आणि मग तेलाचा हात दिला. मशीनचं तेल चालतं. मी मोहाच्या बियांचं वापरतो, कारण ते घरात असतं आणि थंडीत थिजून पात्यावर थर धरतं. दांड्यांना भुंगा लागतो तो वेगळा. त्यावर इथल्या घरांत जुना उपाय आहे, चुलीवरच्या माळ्याचा धूर. बियाणं जिथं टांगतात तिथंच वर्षभर न लागणारी लाकडी मुठीची हत्यारं जातात. आमच्याकडे गॅस आला तशी ती सोय गेली. शेजारच्या वहिनींची चूल अजून पेटते, त्यामुळे माझे रंधे आता त्यांच्या माळ्यावर आहेत. भाडं म्हणून त्यांचे विळे मी पाजवून देतो.

एक कप्पा मात्र माझ्या हिशेबात धरताच येत नाही. दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई, कल्याणकडे. दाराला काटक्या लावून निघताना कुऱ्हाड, पहार, कुदळ कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची असते. ती माझ्याकडे येते. ही हत्यारं जास्तीची दिसतात, बाहेरून पाहणारा म्हणेल इतक्या कुदळी कशाला? पण ती ठेव आहे. पावसाच्या तोंडावर माणसं परततात तेव्हा प्रत्येकाला आपलीच कुदळ लागते. दांड्यावर कुणी खाच पाडलेली असते, कुणी तार गुंडाळलेली. मी फक्त दांडा सुकला असेल तर पाण्यात घालून कुदळ घट्ट करून ठेवतो. ज्यांचं पातं झिजलं असेल त्यांचं लोहाराकडून शेवटून आणतो, पैसे नंतर.

उसनं देणं-घेणं आयटीआयच्या रिवाजानं चालतं. तिथं प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला नंबराचे पितळी बिल्ले मिळतात. हत्यार नेलं की त्याच्या जागी बिल्ला लटकवायचा. मी डब्यांची पत्र्याची झाकणं भोक पाडून, नावं रंगवून वापरतो. वही ठेवली असती तर लोक बिचकले असते. वहीत नाव म्हणजे या भागात सावकाराची आठवण. झाकण मात्र माणूस स्वतःच अडकवतो, हसत.

शेवटी जे खरोखर उरलं ते द्यायचं होतं, आणि द्यायचं तर कामाच्या हातात. गोल पटाश्या आणि बारीक किकरी मोखाड्याकडच्या एका मुखवटे करणाऱ्याकडे गेली. शिमग्यानंतर बोहाड्यांचे दिवस येतात. देवदैत्यांचे मुखवटे बांधून रात्रभर नाचायचं असतं. जव्हारजवळ रामखिंडला कागदाच्या लगद्याचे मुखवटे होतात, पण हा माणूस लाकूड कोरतो, आणि लाकडी मुखवट्यात खरं काम आतून असतं. बाहेरचे डोळे-नाक कुणीही पाहतो. आतलं पोकळ जितकं सफाईनं कोरलं तितकं वजन कमी आणि नाचणाऱ्याची मान सलामत. त्यानं माझी एक गोल पटाशी अंगठ्यावर फिरवून पाहिली, बाकीच्या पाहिल्याही नाहीत, सगळ्या पिशवीत टाकल्या. “काका, धार मी लावीन. तुमची धार लोखंडाची आहे.” फिटरची धार लाकडाला जाडी पडते, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं.

झिजलेल्या कानशी लोहाराला दिल्या. कोयत्यासाठी तो बहुतेक ट्रकच्या कमानीचे पाटे वापरतो, पण छोट्या सुऱ्यांना कानशीचं पोलाद त्याला आवडतं. तसंच ठोकलं तर ते तडकतं. आधी लाल करून राखेत सावकाश निववायचं, मग घडवायचं, पाणी द्यायचं आणि पुन्हा बेतानं तापवून कडकपणा उतरवायचा. तो रंगावर बघतो, पिवळसर झालं की बाहेर. दोन गुण्ये, एक हॅकसॉ आणि चांगल्या कानशींची जोडी नुकतंच फिटर होऊन बाहेर पडलेल्या एका मुलीला दिली. वाड्याच्या कारखान्यात ती मुलाखतीला जाणार होती. पहिल्या वर्षी चौकोनी ठोकळा कानशीनं सपाट करून गुण्या लावला की खालून उजेड दिसायचा, त्यावरून मी पोरांना किती रडवलं असेल. तिनं गुण्या हातात घेतल्याबरोबर तो उजेडाकडे धरून पाहिला.

सामता कुणी नेला नाही. दोरी ओढून भोक पाडायला कुणाला वेळ आहे? एका शाळेच्या गुरुजींनी मुलांना दाखवायला मागितला आहे, पण त्याची दोरी कुजली आहे, ती आधी बदलायला हवी.

बाकाच्या वरची एक लांब फळी सगळी रिकामी झाली. मी तिच्यावर ठेवायला व्हाइसचे सुटे जबडे आणून पुसत होतो, तेवढ्यात हिनं नाचणीचे डबे आणून ओळीनं मांडले. म्हटलं, “अगं, वर्कशॉप आहे हे.” तर म्हणाली, “रिकामी फळी दिसली की महिन्याभरात कुणाची तरी पेटी येईल. त्यापेक्षा नाचणी बरी.” जबडे पुन्हा बाकाखाली गेले आहेत.