दुरेघी वहीतले पुस्तक

निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील जुन्या विहिरींवर एक पुस्तक लिहावे, असा माझा संकल्प होता. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीपासून आरंभ करावयाचा, गावोगावच्या विहिरींत उतरून पायऱ्या मोजावयाच्या, शिलालेख उतरवून घ्यावयाचे. नऊ विहिरींची टिपणे झाली आणि ६९व्या वर्षी कंपवाताने मला गाठले.

हाताच्या कंपापेक्षाही मला व्याकूळ केले ते अक्षराने. ओळीच्या आरंभी ठसठशीत असलेले अक्षर शेवटास मुंगीएवढे होई. ३४ वर्षे फळ्यावर लिहिलेला हा हात! एके सकाळी आदल्या दिवशीचे पान माझे मलाच वाचता येईना. टिपणांचे गाठोडे बांधून मी ते माळ्यावर टाकावयास सांगितले. पत्नी काही बोलली नाही. मात्र गाठोडे तिने देवघराशेजारच्या फडताळात ठेवले.

अक्षर बारीक होत जाणे हे या विकाराचेच एक लक्षण आहे, असे डॉक्टरांनी समजावले. रुंद रेघांच्या कागदावर, अक्षर दोन्ही रेघांना टेकते आहे ना याकडे लक्ष ठेवून लिहिल्यास ते मोठे राहण्यास साहाय्य होते. दुसऱ्याच दिवशी पत्नीने शाळकरी मुलांची दुरेघी वही आणली.

‘‘अहो, पहिलीच्या वर्गात बसल्यासारखे वाटते का?’’

‘‘वाटते.’’

‘‘मग रोज पहिलीतल्या मुलाएवढेच लिहा.’’

तेव्हापासून रोज अर्धे पान, हा नेम आहे. गोळी घेतल्यावर काही वेळाने हात मोकळा होतो. तो काळ मी लेखनासाठी राखून ठेवतो. ज्या दिवशी हात साथ देत नाही, त्या दिवशी केवळ तारीख घालतो आणि वही मिटतो. तारीख घातलेली असली म्हणजे उद्या पुन्हा वही उघडणे सोपे जाते.

एक चूक मात्र माझ्याकडून घडली. रात्री झोप येत नसे, तेव्हा सुचलेले मी पत्नीला उठवून लिहून घ्यावयास लावीत असे. एका रात्री ती कागद खाली ठेवून शांतपणे म्हणाली, ‘‘तुमचे पुस्तक मला हवे आहे, पण मलाही झोप लागते हो.’’ मी ओशाळलो. दिवसभर माझी पथ्ये, गोळ्या, आंघोळ सांभाळणाऱ्या तिच्या थकव्याचा विचार माझ्या संकल्पात कुठेच नव्हता. आता दुपारी बारानंतर सांगून लिहविणे बंद. रात्री काही आठवले, तर मी उशाशी ठेवलेल्या भ्रमणध्वनीत हळूच बोलून ठेवतो.

पायऱ्या उतरणे संपले, त्यामुळे पुस्तक थांबेल असे वाटले होते; ते वळले. मापे घेता येईनात, म्हणून मी माणसांचे ऐकू लागलो. जुन्या विद्यार्थ्यांना दूरध्वनी केले. कोणाचे वडील मोट हाकीत. बैल धावेवरून मागे मागे सरत, रिकामी मोट पाण्यात उतरे आणि भरलेली वर येऊन थारोळ्यात ओती, तेव्हा होणारा आवाज एकाने मला तोंडाने काढून ऐकविला. असा आवाज माझ्या नऊ विहिरींच्या टिपणांत कुठेच नव्हता. पुस्तकात आता दगडांबरोबर माणसेही आली आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती, याचे मला मोठे बळ वाटते. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे गाठोडे बांधून ठेवलेले असेल, तर ते हाताशी येईल अशा जागी ठेवा. आणि ते सोडून बसणाऱ्याने, शेजारी बसून लिहून घेणाऱ्याची झोपही मोजावी.

माझी सातवी दुरेघी वही सुरू आहे. पुस्तक केव्हा पुरे होईल, हे मी आता विचारीत नाही. आजचे अर्धे पान झाले आहे, आणि शेवटच्या ओळीतले अक्षर पत्नीला चष्म्याविना वाचता आले.