चपला दाराबाहेर

     1977 साली मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एक ब्रिटिश सिस्टर पुण्याला शिवाजीनगरच्या एका आश्रमात कायमच्या राहायला आल्या. त्यांचं नाव सारा ग्रँट.

परदेशी सिस्टर म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं उभी राहतात. एक इंग्रजी शाळेची मुख्याध्यापिका, हातात पट्टी. दुसरी दवाखान्यातली, कपाळावर थंड हात ठेवणारी. दोन्ही खोटी नाहीत. पण ग्रँटबाई या दोन्हींत बसत नाहीत.

1922 चा त्यांचा जन्म. सेक्रेड हार्ट या फ्रान्समध्ये 1800 साली निघालेल्या संघाच्या त्या व्रतस्थ. 1956 मध्ये मुंबईत आल्या. सोफिया कॉलेज तेव्हाच्या वॉर्डन रोडवर, भावनगरच्या महाराजांच्या जुन्या वास्तूत. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण या संघाच्या भगिनींना 1964 पर्यंत मठाच्या आवाराबाहेर सहज पडायची मुभा नव्हती. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, मौन, वर्ग, पुन्हा प्रार्थना असा घंटेवर चालणारा दिवस. विद्यार्थिनी संध्याकाळी घरी जात, फिरायला जात. त्यांच्या प्राध्यापिका आतच. देशांतर केलं, पण देश पाहिला तो बराचसा फाटकाच्या आतून.

फाटकाच्या आत शंकराचार्य मात्र पोचलेले होते. भारतात तत्त्वज्ञान शिकवायचं तर वेदान्त चुकत नाही. ग्रँटबाईंनी तो नुसता शिकवला नाही. शंकराचार्यांच्या विचारात ब्रह्म आणि जग यांचा संबंध नेमका कसा आहे, याच प्रश्नावर प्रबंध लिहिला. आचार्यांनी जगाला सरळ खोटं ठरवलं, ही समजूत त्यांना पटली नाही. त्यांच्या वाचनात जग आहे, पण स्वतःच्या बळावर नाही. ते सर्वस्वी ब्रह्माच्या आधारानं आहे. ब्रह्मात मात्र जगामुळे काही भर पडत नाही की उणीव येत नाही. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनसही देव आणि सृष्टीबद्दल जवळपास हेच म्हणतात, हे त्यांनी दाखवलं. कॅथलिक चर्चचा हा सर्वांत वजनदार पंडित आणि कालडीचे शंकराचार्य यांना एका बाकावर बसवणं हे धाडसच होतं, आणि ते एका सिस्टरनं केलं.

आता शिवाजीनगरचा आश्रम. त्याची कथा अहमदनगरपासून सुरू होते. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी 1922 साली तिथं ख्रिस्त सेवा संघ काढला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा त्यांच्यावर मोठा ठसा. टिळकांचं इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिलं. 1927 मध्ये संघ पुण्यात आला. खादी घालणारे हे गोरे ब्रह्मचारी सरकारच्या डोळ्यांत सलत. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन यांची भारतातली पहिली जागा हीच. नंतर संघात फूट पडली, माणसं पांगली आणि आश्रम रिकामा झाला. 1972 साली तो पुन्हा उघडला तो स्त्रियांनी. एकीकडून सेक्रेड हार्टच्या कॅथलिक भगिनी, दुसरीकडून इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी. आचार्यपद वंदना माताजींकडे. त्या मुंबईच्या पारशी घरातल्या, सोफियाच्या माजी प्राचार्या.

वाँटेज हे नाव पुण्याला नवं नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींकडे. पंचहौद मिशनही त्यांच्याच परिवारातलं. 1890 मध्ये तिथल्या चहानं पुण्यात केवढं ग्रामण्य माजलं! मिशनचा चहा घेतला की नुसता समोर ठेवला, यावर वर्तमानपत्रांतून खल झाला आणि 1892 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आश्रमात मात्र पंगतीचा पेच वेगळाच होता. दोन पंथांच्या भगिनी एका ताटलीतलं शाकाहारी अन्न सुखानं वाटून घेत, पण चर्चचा नियम काटेकोर पाळायचा तर वेदीवरची भाकर दोघींनी एकत्र घ्यायची नाही. सोवळंओवळं काही एकट्या सदाशिव पेठेची मिरास नव्हे.

उपासनेचं रूपही बदललं होतं. 1969 साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा सवलती रोमनं मान्य केल्या होत्या. चपला दाराबाहेर, बैठक जमिनीवर, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, भरजरी पोशाखाऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्र. वेदीचं चुंबन घ्यायच्या ठिकाणी बोटं टेकवून ती कपाळाला लावायची. आरतीत फुलं, धूप, दीप. कागदावर ही यादी किरकोळ दिसते. पण साठीकडे झुकलेल्या, खुर्चीत आणि बाकावर वाढलेल्या बाईनं रोज मांडी घालून बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांना धर्मांतर करावं लागतं. अशा बैठकीत बायबलच्या शेजारी उपनिषद उघडलेलं असे. पाहुण्यांना ते नवलाचं वाटे; ग्रँटबाईंना नसावं, कारण आपली वृत्ती लहानपणापासूनच अद्वैताची, असं त्या सांगत.

टीका दोन्हीकडून झाली. काही कॅथलिकांना आरती म्हणजे मूर्तिपूजेचा शिरकाव वाटला. उलट हिंदूंच्या बाजूनं लेखक सीताराम गोयल यांनी 1988 मध्ये कॅथलिक आश्रमांवर पुस्तकच लिहून हा हिंदू वेश धर्मप्रसाराची युक्ती असल्याचा आरोप केला. आरोप झटकून टाकण्याजोगा नाही. वेश बदलून माणसं जोडण्याचा मिशनऱ्यांचा इतिहास आहेच. मात्र ग्रँटबाईंचं लेखन वाचलं तर शिकवण्याची हौस भलतीकडेच वळलेली दिसते. 1989 मध्ये केंब्रिजच्या टीप व्याख्यानांसाठी त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती विद्वानांपुढे त्यांचा मुद्दा असा की, देव जगाबाहेर कुठंतरी वर बसला आहे हे चित्र टाकून द्या आणि त्यासाठी शंकराचार्य नीट वाचा. व्याख्यानांचं पुस्तक 1991 साली बंगळूरहून निघालं. उपशीर्षकात त्यांनी स्वतःची ओळख दिली ती अद्वैती ख्रिस्ती अशी.