गीझरला श्वास कुठून द्यायचा?

भाड्याचं घर बघताना आपण काय काय बघतो? पार्किंग, पाण्याची वेळ, नेटवर्कच्या किती कांड्या येतात. बाथरूममध्ये फक्त डोकावतो. टाइल्स बऱ्या आहेत ना, झालं तर मग! बाथरूमची खिडकी नेमकी कुठे उघडते, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. पुण्यात नोव्हेंबर उजाडला आणि गरम पाण्याचं बघायची वेळ आली, की मात्र तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

आमची खिडकी डक्टमध्ये उघडते. नारायण पेठेतली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, चार बाय सहाचं बाथरूम. बाहेरची भिंत एकही नाही. एका बाजूला किचन, दुसऱ्या बाजूला बेडरूम आणि मागे तो अंधारा डक्ट, ज्यात सगळ्या मजल्यांच्या खिडक्या उघडतात. इलेक्ट्रिक गीझर लावायचा तर दोन किलोवॉटचा लोड आणि घरातलं वायरिंग मालकांच्या लग्नाच्या वेळचं. मालक, म्हणजे काका, वायरिंग बदलायचं नाव काढलं की विषय बदलायचे. “अगं, गॅस गीझर लाव की! अख्ख्या बिल्डिंगने लावलाय. बटण दाबलं की पाणी!”

मी लावूनही टाकला असता. पण माझी रूममेट ठाम होती. आधीच्या घरी ती एकदा आंघोळ करताना चक्कर येऊन पडली होती. दार तोडून बाहेर काढलं तिला. उपाशीपोटी आंघोळ केलीस, बीपी लो झालं असेल, असं म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला. त्या बाथरूममध्येही गॅस गीझर होता आणि गारठा नको म्हणून खिडकी बंद होती. या दोन गोष्टी जोडून बघाव्यात, असं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

डॉक्टरांना मात्र हे नवं नाही. भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टनी यावर पेपर लिहिलेत आणि त्याला नावही आहे, ‘गॅस गीझर सिंड्रोम’. बंद बाथरूममध्ये चक्कर, बेशुद्धी, कधी फिट आणि कधी थेट मृत्यू. दर हिवाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर अशी एखादी बातमी असतेच.

हे का होतं, ते बघायला मी चक्क कॅलक्युलेटर घेऊन बसले. ६ लिटरचा गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. त्यासाठी लागणारी आग म्हणजे ओट्यावरच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम फुल! तो दहा मिनिटं पूर्ण जोरात चालला, तर जळायला त्याला दोन घनमीटरच्या वर हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये असते साडेपाच घनमीटरच्या आसपास. म्हणजे एका आंघोळीत ४० टक्के हवेतला ऑक्सिजन फस्त. ऑक्सिजन कमी पडला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलेंडरच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या या विषाला तसलं काही नसतं. त्यामुळे ‘वास तर येत नाहीये’ या वाक्याला इथे काडीचाही अर्थ नाही.

मग नळीवाला गीझर घ्यावा का? त्यातही दोन प्रकार. एकात धूर स्वतःच्या उष्णतेने नळीतून वर चढतो. दुसऱ्यात छोटा पंखा तो बाहेर ढकलतो. पहिल्या प्रकाराची गंमत अशी, की बाथरूमला एक्झॉस्ट फॅन असेल आणि दाराला खालून फट नसेल, तर तोच फॅन नळीतला धूर उलटा आत ओढू शकतो. आणि नळी कुठलीही असो, आमच्याकडे ती सोडणार कुठे? डक्टमध्ये? म्हणजे आमचा धूर वरच्या आजींच्या बाथरूममध्ये. आपलं संकट एक मजला वर सरकवायला मन धजेना.

वाट दाखवली प्लंबरदादांनी. त्यांनी बाथरूमकडे बघितलंही नाही, सरळ ड्राय बाल्कनीत जाऊन उभे राहिले. “ताई, गीझर इथं लावायचा. बाथरूमला फक्त पाणी न्यायचं.”

जागा अडचणीची होती खरी. खाली वॉशिंग मशीन, वर कपड्यांच्या दांड्या, बाजूला किचनचं दार. माझी शंका वेगळीच होती. बारा फूट पाइपमधून गरम पाणी येईपर्यंत किती पाणी वाया जाणार? परत हिशोब केला. अर्ध्या इंचाच्या बारा फूट पाइपमध्ये मावतं जेमतेम अर्धा लिटर. एक तांब्या! एका तांब्यासाठी लोक आग बाथरूममध्ये नेतात?

मॉडेल निवडलं पंख्याचं. कारण वारा आत वाहत असला, की बिननळीच्या गीझरचा धूर किचनमध्येच यायचा. पंख्याला साधा पाच अँपियरचा प्लग पुरतो, त्यामुळे वायरिंगही कुरकुरत नाही. लाइट गेली की गरम पाणीही जातं, हे मात्र मान्य करावं लागतं. नळी कमीत कमी वळणांनी ग्रिलच्या बाहेर काढली, कुणाच्या खिडकीखाली येणार नाही अशी, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. दांड्या दुसऱ्या भिंतीवर गेल्या.

काकांना हा हिशोब कागदावर लिहून दाखवला. पाइपचा खर्च अर्धा द्यायला ते तयार झाले. “पण बाल्कनीला काच लावायची नाही हं,” हे मीच त्यांना बजावलं. काच लावली की तेसुद्धा एक बाथरूमच झालं!

तुमच्याकडे गीझर आधीच बाथरूममध्ये असेल, तर आज एवढं करा. बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर मेकॅनिकला बोलवा. ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. आंघोळीनंतर डोकं दुखतंय, मळमळतंय असं घरात दोघांना वाटलं, तर अॅसिडिटीची गोळी शोधत बसू नका. आधी मोकळ्या हवेत या.

रूममेट आता आंघोळीला गेली की अर्धा तास बाहेर येत नाही. मी दार वाजवते, पण ते फक्त ऑफिसला उशीर होतो म्हणून.